पेटी उघडायची कोणी?

शाळेच्या संगणकखोलीत सहा-सात वर्षांपूर्वी आलेला संगणक सुरू व्हायला चार-चार मिनिटे घेऊ लागला की आपण दुरुस्ती करणाऱ्याला बोलावतो. तो यंत्र पाहून दोनपैकी एक उत्तर देतो. "हार्ड डिस्क बदलू, पुन्हा पळायला लागेल", हे पहिले उत्तर. "हे उघडतच नाही, नवा घ्या", हे दुसरे. पडद्याची पेटी निराळी आणि ज्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात तो डबा निराळा असेल, तर बहुधा पहिले उत्तर मिळते. मात्र पडदा आणि बाकीचा सारा संगणक एकाच पेटीत बसवलेला असेल, म्हणजे तो 'ऑल-इन-वन' जातीचा असेल, तर कोणते उत्तर मिळेल हे यंत्र कोणी आणि कोणत्या वर्षी बनवले यावर ठरते.

असे का व्हावे? हार्ड डिस्क तीच, तिचे काम तेच. मग एका पेटीत ती बदलता येते आणि दुसरीत येत नाही, हे कसे? या प्रश्नाला जवळजवळ सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आपल्याला विशेष वाटावे असे, की या इतिहासाच्या आरंभी एक शाळामास्तर उभा आहे.

शिक्षकाने बनवलेले कोठार

रेनॉल्ड जॉन्सन हे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिशिगन राज्यात आयर्नवुड या गावी माध्यमिक शाळेत शिकवत असत. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम किती वेळखाऊ असते हे आपल्याला सांगायला नको. जॉन्सन यांनी त्यावर विजेचा उपाय शोधला. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइट असते आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. विद्यार्थ्याने योग्य जागी पेन्सिलीची खूण केली असेल तर तेवढ्या जागेतून वीज वाहील आणि यंत्राला गुण मोजता येतील, अशी त्यांची कल्पना होती. आयबीएम कंपनीने ती विकत घेतली आणि १९३४ मध्ये जॉन्सन यांनाही नोकरीत घेतले.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा उभारण्यास पाठवले. त्या काळी कंपन्यांचे हिशोब छिद्रे पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर ठेवले जात. फितीची अडचण आपण कॅसेटवर अनुभवलेली आहे. शेवटचे गाणे ऐकायचे असेल तर आधीची सारी फीत पुढे सरकवावी लागते. जॉन्सन यांच्या गटाने फितीऐवजी फिरती चकती घेतली. चकतीवरच्या कोणत्याही जागी वाचक-शीर्ष थेट नेता येते, मधली माहिती ओलांडावी लागत नाही.

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने 'रॅमॅक ३०५' हा संगणक जाहीर केला. त्याच्या सोबतचे 'आयबीएम ३५०' हे साठवण-यंत्र म्हणजे जगातील पहिली विक्रीयोग्य हार्ड डिस्क. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर मिनिटाला १२०० फेऱ्या घेत. त्यांच्यावर ५० लाख अक्षरे मावत. प्रत्येक अक्षराला ६ बिट धरले तर हे ३ कोटी बिट, म्हणजे आजच्या भाषेत पावणेचार मेगाबाइट होतात. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा फोटो तेवढी जागा सहज घेतो! यंत्राचे वजन एक टनाच्या आसपास होते आणि ते भाड्याने मिळे.

अशा यंत्राची डिस्क 'बदलण्याचा' प्रश्नच नव्हता. ती कंपनीची मालमत्ता होती आणि कंपनीचाच तंत्रज्ञ ती उघडे. मात्र पुढच्याच काही वर्षांत, १९६२ मध्ये, आयबीएमच्या '१३११' या यंत्रात चकत्यांचा संच उचलून बाहेर काढता येऊ लागला. साधारण साडेचार किलोचा हा संच हातात धरून कर्मचारी एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात नेत. आपली माहिती यंत्रापासून वेगळी काढून ठेवता येते, ही सोय इतक्या लवकर आलेली होती हे लक्षात ठेवू या.

धुळीने लावलेली कडी

मग हार्ड डिस्क बंद डबीत का गेली? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे.

चकतीवर माहिती चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात असते. ठिपके जितके लहान, तितकी जास्त माहिती मावणार. पण लहान ठिपका वाचायचा तर शीर्ष चकतीच्या तितकेच जवळ न्यावे लागते. पहिल्या यंत्रात शीर्ष आणि चकती यांमध्ये सुमारे २० मायक्रॉन अंतर होते व ते राखण्यासाठी दाबाने हवा सोडावी लागे. पुढे शीर्षाचा आकारच असा केला गेला, की फिरत्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगावे. १९७३ च्या 'आयबीएम ३३४०' मध्ये हे अंतर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास आले. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हवेतील साधी धूळ काही मायक्रॉनची. चकती वेगाने फिरत असताना असा एक कण मध्ये आला तर शीर्षाच्या दृष्टीने तो रस्त्यातला धोंडाच ठरतो. शीर्ष आदळते, चकतीवरचा लेप खरवडला जातो आणि माहिती जाते.

म्हणून ३३४० मध्ये चकत्या, शीर्षे आणि शीर्षे हलवणारा भाग असे सारे एकत्र एका बंद डबीत बसवले गेले. प्रकल्पाच्या सुरुवातीला ३० मेगाबाइटचे दोन भाग योजले होते. '३०-३०' हा आकडा विंचेस्टर रायफलीच्या प्रसिद्ध काडतुसाचा, त्यामुळे या रचनेला 'विंचेस्टर' हे टोपणनाव पडले. आजही फिरत्या चकतीची प्रत्येक हार्ड डिस्क मुळात याच रचनेची आहे. अंतर मात्र आता काही नॅनोमीटरवर आले आहे.

जाता जाता एक गोष्ट. साधी हार्ड डिस्क निर्वात नसते. शीर्ष हवेवरच तरंगते, तेव्हा हवा हवीच. डबीला बारीक छिद्र असते व त्यावर गाळणी असते. ते छिद्र झाकू नये अशी सूचना डबीवर छापलेली आढळते.

तर ही पहिली कडी. ती निसर्गनियमाने लावलेली आहे. चालू हार्ड डिस्कची डबी घरी उघडायची नाही, यावर वाद नाही. परंतु ज्या पेटीत ती डबी बसवली आहे, ती संगणकाची पेटी उघडू नये असे धुळीचे काही म्हणणे नाही. तिथली कुलपे माणसाने लावलेली आहेत, आणि पुढचा इतिहास त्या कुलपांचा आहे.

एकच माप, एकच जोडणी

डबी बंद झाल्याने एक मोठा फायदा झाला. आत काय आहे हे न पाहता तिला एक सुटा भाग मानता येऊ लागले. ॲलन शुगार्ट हे रॅमॅकच्या काळापासून आयबीएममध्ये होते. त्यांनी १९७९ मध्ये फिनिस कॉनर यांच्यासह नवी कंपनी काढली. तीच पुढे 'सीगेट' म्हणून प्रसिद्ध झाली. १९८० मध्ये तिची 'एसटी-५०६' ही ५ मेगाबाइटची डिस्क आली. तिचा आकार मुद्दाम सव्वापाच इंची फ्लॉपी ड्राइव्हएवढाच ठेवला होता. म्हणजे संगणकात फ्लॉपी ड्राइव्हसाठी जो खण आधीपासून होता, त्यातच ती बसे. १९८३ मध्ये रोडाइम या स्कॉटलंडमधील कंपनीने साडेतीन इंची डिस्क आणली आणि तो आकारही रूढ झाला.

आकाराबरोबर जोडणीही ठरत गेली. स्कझी, एटीए आणि पुढे साटा अशी नियमावली क्रमाने आली. कोणत्या तारेतून काय जाईल, विजेचा दाब किती, स्क्रूची भोके कोठे, हे सर्व कागदावर ठरलेले. विजेच्या दिव्याच्या होल्डरसारखेच हे झाले. दिवा कोणत्याही कंपनीचा घ्या, होल्डरमध्ये बसतो. हार्ड डिस्क बदलता येणे हे अशा नियमावलीचे फळ आहे.

एका पेटीतला संगणक

आता ऑल-इन-वन संगणकाकडे वळू. १९७७ चा 'कमोडोर पेट' हा या जातीचा एक आरंभीचा नमुना होय. तो परदेशातील अनेक शाळांत वापरला गेला. त्याची वरची बाजू मोटारीच्या बॉनेटसारखी वर उचलून आत दांडीचा टेकू देता येई. त्याच वर्षी आलेल्या 'ॲपल-२' चे झाकणही हातानेच निघे आणि आत जोड-कार्डांसाठी आठ खाचा होत्या. एका पेटीतला संगणक बंदच असावा लागतो असे काही नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

त्याच ॲपल कंपनीने २४ जानेवारी १९८४ रोजी 'मॅकिंटॉश' आणला आणि धोरण बदलले. ९ इंची पडदा, मदरबोर्ड व फ्लॉपी ड्राइव्ह एका सुबक पेटीत बसवलेले. वापरायला सोपा, पण उघडायला अवघड. स्क्रू टॉर्क्स जातीचे, म्हणजे सहा पाकळ्यांच्या खाचेचे, आणि त्यांतले दोन वरच्या मुठीच्या खोलगट भागात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला लांब दांड्याचा खास स्क्रू-ड्रायव्हर लागे. आत हार्ड डिस्क नव्हती, ती जोडायला खाचही नव्हती. सारी मदार ४०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर.

वापरणाऱ्यांची गरज मात्र थांबली नाही. १९८५ च्या सुरुवातीला जनरल कॉम्प्युटर या कंपनीने 'हायपरड्राइव्ह' नावाची १० मेगाबाइटची हार्ड डिस्क विकायला काढली. ती मॅकिंटॉशच्या पेटीच्या आत बसे. पण जोडायची कशाला? त्यांनी मदरबोर्डवरील मुख्य चिपच्या पायांवरच चिमट्यासारखी जोडणी चढवली. दार नव्हते म्हणून भिंतीतून वाट काढली, असेच म्हणावे लागेल. त्याच वर्षी खुद्द ॲपलने २० मेगाबाइटची बाहेरून जोडायची डिस्क आणली. ती फ्लॉपीच्याच जोडणीतून चाले, साहजिकच वेगाला मर्यादा पडे.

अखेर १९८६ च्या 'मॅकिंटॉश प्लस' ला स्कझी जोडणी मिळाली आणि मार्च १९८७ च्या 'मॅकिंटॉश एसई' मध्ये २० मेगाबाइटची स्कझी हार्ड डिस्क पेटीच्या आत बसली. नियमावली पाळणारी डिस्क असल्याने ती काढून दुसरी, अधिक क्षमतेची बसवता येऊ लागली. तीन वर्षांपूर्वी ज्या पेटीत हार्ड डिस्कला जागाच नव्हती, तिच्यात आता डिस्क बदलणे नेहमीचे काम झाले.

धोका होता तो वेगळा. या पेटीत पिक्चर ट्यूब असे. तिच्या काचेवर काही हजार व्होल्टचा विद्युतभार साठतो आणि बटण बंद केल्यावरही काही काळ टिकतो. काचेच्या दोन बाजूंना वाहक लेप असल्याने ती मोठ्या धारित्रासारखे काम करते. जुन्या दूरदर्शन संचाची मागची बाजू उघडू नये असे आपण मुलांना सांगतो ते याच कारणाने. ही सावधगिरी पुन्हा निसर्गनियमाची आहे. जाणकार तो भार आधी सुरक्षितपणे जमिनीत सोडतो आणि मग हात घालतो.

जागा आहे, पत्ता नाही

मे १९९८ मध्ये जाहीर झालेल्या रंगीत अर्धपारदर्शक 'आयमॅक' ने ऑल-इन-वन ही जात पुन्हा लोकप्रिय केली. त्यात ४ गिगाबाइटची एटीए डिस्क होती. यंत्र पडद्यावर पालथे ठेवून खालचे प्लास्टिक काढले, की मदरबोर्ड आणि डिस्क धरून ठेवणारा सांगाडा सरकवून बाहेर काढता येई. थोडी खटपट होती, पण काम होण्यासारखे होते.

या यंत्रांवर ज्यांनी मोठी डिस्क बसवली त्यांना एक नवाच अनुभव आला. २०० गिगाबाइटची डिस्क लावली तरी संगणक १३७ गिगाबाइटच पाही. उरलेली जागा गेली कुठे? हे कोडे वरच्या वर्गांत गणित म्हणून घालण्यासारखे आहे. डिस्कवर माहिती ५१२ बाइटच्या कप्प्यांत ठेवलेली असते आणि प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. एटीएच्या जुन्या नियमावलीत हा क्रमांक लिहायला २८ बिट दिलेले होते. २ चा २८ वा घात म्हणजे २६,८४,३५,४५६ कप्पे. त्याला ५१२ ने गुणले की सुमारे १३,७४४ कोटी बाइट, म्हणजेच १३७ गिगाबाइट. त्यापुढच्या कप्प्यांना पत्ताच नाही! २००२ च्या सुमारास नियमावली सुधारून पत्ता ४८ बिटांचा झाला. त्या नियमाने किती बाइटपर्यंत जाता येईल, हे विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

येथे कोणी कुलूप लावले नव्हते. एका पिढीने आखलेली मर्यादा पुढच्या पिढीला अपुरी पडली, इतकेच.

तीन स्क्रू, आणि पुन्हा बंद

ऑगस्ट २००४ मध्ये 'आयमॅक जी-५' आला. पिक्चर ट्यूब जाऊन सपाट पडदा आला होता आणि उच्च दाबाचा तो मोठा धोका संपला होता. यंत्र पडद्यावर पालथे ठेवायचे, खालच्या कडेचे तीन स्क्रू सैल करायचे आणि मागचे झाकण उचलायचे. हार्ड डिस्क समोर. एवढेच नव्हे, डिस्क कशी बदलावी याच्या सूचना कंपनीनेच ग्राहकांसाठी दिल्या होत्या, आणि दोष कोठे आहे ते कळावे म्हणून मदरबोर्डवर लहान दिवेही बसवले होते. एका पेटीतला, देखणा आणि तरीही मालकाला उघडता येणारा संगणक बनू शकतो, याचा हा ठोस पुरावा होय.

तो फार काळ टिकला नाही. ऑक्टोबर २००५ च्या मॉडेलपासून पेटी पुढून, पडद्याच्या बाजूने उघडू लागली. २००७ च्या ॲल्युमिनियमच्या मॉडेलमध्ये पुढची काच चुंबकांनी धरलेली होती. काचेला चिकटणाऱ्या दोन रबरी वाट्या लावून ती ओढून काढायची, मग पडद्याचे स्क्रू काढायचे, पडदा हळूच उचलून त्याच्या तारा सोडवायच्या आणि मग डिस्क. काम नाजूक खरे, पण अशक्य नव्हे.

यानंतरचा भाग अधिक बारकाईने पाहण्यासारखा आहे. पडद्याच्या मागे कोंडलेली हार्ड डिस्क तापते, म्हणून तिचे तापमान मोजून पंख्याचा वेग ठरवावा लागतो. हे कारण रास्तच. सुरुवातीला हा तापमापक डिस्कच्या पाठीवर बाहेरून चिकटवलेला असे. डिस्क बदलली की तो काढून नव्या डिस्कला चिकटवला, की झाले. २००९ च्या अखेरच्या मॉडेलमध्ये डिस्कच्याच आतल्या तापमापकाला जोडणारी वेगळी तार आली आणि ती प्रत्येक उत्पादकाच्या डिस्कसाठी निराळी होती. २०११ मध्ये तापमानाचा संदेश थेट डिस्कच्या वीज-जोडणीतून येऊ लागला, आणि त्यासाठी डिस्कमध्ये खास बदल केलेली प्रणाली लागे. बाजारातून आणलेली साधी साटा डिस्क बसवली तर ती माहिती बिनचूक साठवे, पण तापमान सांगत नसे. मग संगणक सुरक्षेचा विचार करून पंखे पूर्ण वेगाने फिरवी. यंत्र चालू, पण खोलीत बसवत नाही असा आवाज! यावर इतरांनी तापमापक जोडलेल्या वेगळ्या तारा बनवून विकल्या, काहींनी पंख्याचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या.

स्क्रू तेच, डबी तीच, साटाची नियमावलीही तीच. एका तारेत नियमाबाहेरचा एक संदेश घातला आणि सुटा भाग सुटा राहिला नाही. कुलूप नेहमी पेटीवरच असते असे नाही, हे आपण यावरून शिकावे.

२०१२ च्या अखेरीस आलेल्या मॉडेलची कड फक्त ५ मिलिमीटर जाड होती. त्यासाठी काच व पडदा एकत्र चिकटवून, ते सारे पेटीला चिकटपट्टीने जोडले गेले. काच आणि पडदा यांतली हवेची फट गेल्याने परावर्तन कमी झाले, हा खरा लाभ होता. पण डिस्क बदलायची तर चिकटपट्टी कडेकडेने कापावी लागे, काच तडकण्याची भीती, आणि शेवटी नव्या पट्ट्या लावून पडदा पुन्हा डकवणे.

चकतीविना स्मृती

याच काळात डिस्क बदलण्याचे कारणही बदलत होते. आधी लोक जागा कमी पडते म्हणून डिस्क बदलत, आता वेगासाठी बदलू लागले. त्यामागचे गणित सोपे आहे. मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते, शिवाय शीर्ष हलवण्याचा वेळ निराळा. रॅमॅकची अर्धी फेरी २५ मिलिसेकंदांची होती. म्हणजे ही वाट पाहणे अर्ध्या शतकात केवळ सहा पटींनी कमी झाले! याउलट चकतीवर माहिती मावण्याचे प्रमाण पाहा. रॅमॅकमध्ये एका चौरस इंचात २००० बिट होते. आजच्या चकत्यांवर ते एक लाख कोटीच्या पुढे गेले आहेत, म्हणजे ५० कोटी पटींची वाढ. जडत्व असलेली वस्तू फिरवायची म्हटले की वेगाला मर्यादा येतेच.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत फिरणारे काही नाही. विद्युतभार एका लहानशा बेटावर अडकवून माहिती ठेवली जाते आणि ती वाचायला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. अशा फ्लॅश चिपा साटा डिस्कच्याच मापाच्या डबीत घालून त्यांची 'एसएसडी' झाली. जुन्या संगणकातली फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली की तो एकदम पळू लागतो, तो जादूने नव्हे. बाकीचे यंत्र आधीही वेगवानच होते, ते फक्त चकतीची वाट पाहत बसले होते.

पण चिपांना फिरायला जागा लागत नाही, म्हणून त्यांना वेगळी डबीही लागत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ११.५ मिलिमीटर जाडीचा आयमॅक आला तेव्हा त्याच्या फ्लॅश चिपा मदरबोर्डवरच झाळलेल्या होत्या. तेथे बदलण्यासारखी डिस्कच उरली नाही. खरेदीच्या दिवशी जेवढी जागा घेतली, तेवढीच शेवटपर्यंत. माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली असते आणि तिची किल्ली त्याच यंत्राच्या मुख्य चिपमध्ये असते. चोराला माहिती वाचता येत नाही, हा याचा गुण. बोर्ड बिघडला तर मालकालाही ती बाहेर काढता येत नाही, हा दोष.

हे वेगासाठी अपरिहार्य होते का? त्याच कंपनीच्या २०२२ च्या 'मॅक स्टुडिओ' मध्ये आणि २०२४ च्या 'मॅक मिनी' मध्ये फ्लॅश चिपा काढता येणाऱ्या वेगळ्या कार्डावर आहेत. ते कार्ड कंपनीच्याच खास रचनेचे आहे, बाजारातले कोणतेही चालत नाही. तरी झाळण्याचा आग्रह निसर्गाचा नव्हता एवढे त्यातून सिद्ध होते.

आपल्या शाळेपुरते

येथे एकाच कंपनीच्या यंत्रांचा इतिहास सांगितला, कारण ऑल-इन-वन संगणकांची इतकी लांब मालिका दुसरीकडे सापडत नाही. इतर कंपन्यांच्या अनेक ऑल-इन-वन संगणकांत मागचे झाकण निघते आणि आत साटा डिस्क किंवा एम-२ जातीची पट्टी असते. म्हणून "उघडत नाही" हे उत्तर ऐकल्यावर "का उघडत नाही?" असे विचारायला आपण कचरू नये. धूळ आणि उच्च दाब यांची कारणे मान्य करावीत. गोंद, अनोळखी स्क्रू आणि खास तारा यांच्याबाबत मात्र प्रश्न विचारावा.

हा प्रश्न आता सरकारदरबारीही पोहोचला आहे. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली. युरोपीय संघाने २०२४ मध्ये वस्तूंच्या दुरुस्तीला चालना देणारा निर्देश संमत केला. नवे संगणक घेताना शाळेने तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. साठवण-भाग बदलता येतो का? तो प्रमाणित जोडणीचा आहे का? पेटी उघडल्यास हमीचे काय होते? ज्या शाळेला दर पाच वर्षांनी नवे संगणक घेणे परवडत नाही, तिच्यासाठी या तीन उत्तरांचे मोल पडद्याच्या इंचांहून अधिक आहे.

डिस्क बदलायचे ठरलेच, तर क्रम असा ठेवावा. आधी सर्व माहितीची प्रत दुसरीकडे काढावी आणि ती उघडून खात्री करावी. नंतर विजेची तार काढावी. जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवावा. कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर चित्र काढून त्यावरच चिकटवावे. नव्या ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर संगणकाने ४६५ दाखवले तर दुकानदाराशी भांडू नये. तो १००० च्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या.

आणि काढलेली जुनी डिस्क? तिच्यावर मुलांचे गुण, पत्ते, दाखले असतात. ते पुसल्याशिवाय ती कोणाला देऊ नये. ती पुरती बंद पडलेली असेल, तर मात्र ती वर्गात न्यावी आणि मुलांसमोर उघडावी. तेथे धुळीची भीती उरलेली नाही. आरशासारखी चकती, तिच्यावर झुकलेला बारीक हात आणि बोट चिमटेल इतकी जोरकस चुंबके त्यांना दिसतील. चकती काचेची असेल तर फुटू शकते, तेव्हा ती कोणी वाकवू नये. प्रयोग झाल्यावर सारे तुकडे ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावेत. तोपर्यंत मुलांनी निदान एक पेटी आतून पाहिलेली असेल, आणि तिची कोणती कडी निसर्गाची व कोणती माणसाची, हे त्यांना ओळखता येईल.